उत्तमच्या नावाची जागा

धनज गावातला पहिला डॉक्टर निघाला तो कुणाची नाडी न धरणारा. उकंडराव जानराव मेहरे यानं १९३६ च्या ऑगस्टात नागपूरला डॉक्टरची पदवी घेतली आणि तो गावी परतला. त्या आठवड्यात त्याच्या दारात पोटदुखीचे सात, खोकल्याचे चार आणि पोट फुगलेला एक बैल एवढे रोगी येऊन गेले. प्रत्येकाला त्यानं सांगितलं, "मी मातीचा डाक्टर हाय. मातीतले जंतू पाह्यतो." शेजारच्या पंचफुलानं फार काळजीनं विचारलं, "काहून बापा, मातीले काय झालं?" त्यानंतर गावानं त्याचा नाद सोडला.

मी चंपत मास्तर. गावच्या शाळेत शिकवत होतो आणि शाळेच्याच पडवीत डाकखाना चालवत होतो. डाकखाना म्हणजे एक पेटी, एक शिक्का, एक नोंदवही आणि खेमा नावाचा एक डाकवाला. हे सगळं माझ्या हाताखाली होतं आणि त्याचा मला गर्वही होता, ते आधीच सांगून टाकतो. पुढं जे घडलं त्यात माझा हात किती होता हे आजवर मी कोणाला लिहून दिलं नव्हतं.

उकंडा आणि मी एकाच बाकावरचे. त्याच्या आधीची दोन लेकरं गेली होती. थोरला देवीच्या साथीत तीन वर्षांचा होऊन गेला, मधली मुलगी चाळीस दिवसांची. तिसरा जन्मला तेव्हा कस्तुराबाईनं, म्हणजे त्याच्या आईनं, तो रीतीप्रमाणे उकिरड्यावर ठेवला. शेजारणीनं तो कचऱ्यातून उचलला आणि कस्तुराबाईनं तिला पसाभर ज्वारी देऊन परत घेतला. असं कचऱ्यातलं लेकरू कोणाच्या नजरेत भरत नाही, वरच्याच्याही नाही. आमच्या भागात उकिरड्याला उकंडा म्हणतात आणि गावोगाव असे उकंडे आहेत, त्यांतला हा एक.

शाळेत घालायला बाप आला. तेव्हाचे मास्तर नाकाला मिरच्या झोंबल्यासारखे म्हणाले, "मी हे नाव पटावर लिहिणार नाही. चांगलं नाव सांग." जानराव मुलखाचा अबोल माणूस, वाफ्यात पाणी सोडून आला होता. चांगलं म्हणून त्याच्या तोंडात एकच नाव होतं, थोरल्याचं. तो म्हणाला, "उत्तम," आणि पाणी वळवायला निघून गेला. घरी त्यानं हे कधी सांगितलं नाही. मेलेल्या पोराचं नाव जिवंत पोराच्या पाठीवर दफ्तरासारखं लागलं आणि पार डॉक्टरच्या पदवीपर्यंत गेलं. कागदावर उत्तम, गावात उकंडा. कस्तुराबाईला अक्षर येत नव्हतं, आणि आम्हाला कोणाला कधी तिला सांगावंसं वाटलं नाही.

तर पदवी मिळाली, आता पुढं काय? उकंडाला संशोधन करायचं होतं. गाव म्हणे, एवढं शिकून अजून शिकायचंच आहे? तो मला समजावून सांगायचा, "चंपत, पदवी म्हनजे एवढंच, का मी हातात बैल धरू शकतो. पन वावर त पाह्यजे ना?" हे वावर म्हणजे प्रयोगशाळा. मोठ्या विद्यापीठांत डॉक्टर झालेल्यांसाठी दोन-तीन वर्षांच्या संशोधनाच्या जागा असत. एखाद्या नामांकित प्राध्यापकाच्या हाताखाली राहायचं, आपलं काम करायचं, नाव झालं तर पुढं कायम व्हायचं. मेख एकच होती. पदवीला दोन वर्षं उलटली की अर्ज बाद. उकंडाच्या हातात १९३८ च्या ऑगस्टपर्यंतचाच वेळ होता.

या जागांच्या जाहिराती काही धनजच्या पडवीत लागत नसत. नागपूरचा एक मित्र कॉलेजातल्या फळ्यावरचे कागद उतरवून पोस्टकार्डावर पाठवायचा. उकंडा सकाळी वांग्या-मिरचीच्या वाफ्यात राबायचा, बाजाराच्या दिवशी भाजीची गाडी घेऊन कारंज्याला जायचा, आणि दुपारी माझ्या पडवीत बसून अर्ज लिहायचा. सुरुवातीचे अर्ज सगळे हात जोडलेले. आपला कृपाभिलाषी, आपला आज्ञाधारक. उत्तरं यायची ती दोन ओळींची: जागा भरली. एका म्हाताऱ्या प्राध्यापकानं मात्र दया केली. त्यानं लिहिलं, तुम्ही गरजू आहात ते कळलं, पण माझ्याकडे येऊन काय कराल ते कळलं नाही.

त्या पत्रावर उकंडा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी नवीन अर्ज लिहायला बसला. घरामागच्या उकिरड्यात त्यानं वर्षभर रोज सकाळी उष्णतामापक खुपसला होता. किती दिवसांनी खत तापतं, कोणते जंतू आधी येतात, कोणते मागून, हे सगळं त्याच्याजवळ लिहिलेलं होतं. मग कोणत्या प्राध्यापकाचं काम कशावर चालू आहे ते मित्राकडून मागवायचं आणि त्यालाच थेट लिहायचं, की तुम्ही जिथं थांबलात तिथून पुढचं माझ्याजवळ आहे. आता उत्तरं अर्धा पान येऊ लागली. पण जागा नाहीच.

कस्तुराबाई रोज विचारायची, "झाली का रे जागा?"

"भरली, माय."

"कोनं भरली?"

"दुसऱ्यानं."

"मंग दोन दिस रिकामी ठेवत नाईत का?"

"रिकामी जागा कोनी ठेवत नाई, माय. यादीवरचं पह्यलं नाव नाई आलं, का खालचं दुसरं घेतात."

१९३८ च्या मे महिन्यात ते मोठं पत्र आलं. विद्यापीठाचं नाव मी लिहीत नाही. लांबचं होतं, फार मोठं होतं, आणि चूक त्यांची नव्हती. तिथल्या प्राध्यापकानं उकिरड्याचे आकडे तीनदा वाचले म्हणे. एक जागा आहे, तुमचं नाव समितीपुढं ठेवलं आहे, निर्णय जूनच्या पहिल्या आठवड्यात तारेनं कळेल, स्वीकाराची तार दहा जूनच्या आत पोचली पाहिजे, एक जुलैला हजर व्हावं लागेल. उकंडानं पत्र मला मोठ्यानं वाचायला लावलं, मग स्वतः वाचलं, मग पुन्हा मला वाचायला लावलं. ही जागा गेली तर दुसरी नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आता माझी गोष्ट. माझ्या मेव्हण्याचं लग्न शिरपूरला होतं, चार जूनचं. डाकखान्याला रजा हवी तर वरून मंजुरी घ्यावी लागते, बदली माणूस द्यावा लागतो. शाळेला सुटी होतीच. मी म्हटलं, चार दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? पेटीची किल्ली खेमाच्या हाती दिली आणि तीन तारखेला गुपचूप निघालो. खेमा महिन्यापूर्वीच बदलून आलेला, परगावचा. गावात सगळे उकंडाला 'डाक्टर' म्हणतात एवढंच त्याला ठाऊक. आजवरची सगळी पत्रं मी स्वतः उकंडाच्या हातात दिलेली. जाताना मी उकंडाला म्हटलं होतं, "रोज पडवीत येऊन पाहाय." तो आलाही, रोज. फक्त पाच तारखेला बाजार होता, तेव्हा तो गाडी घेऊन कारंज्याला गेला होता.

सात तारखेला संध्याकाळी मी परत आलो, पगडी खुंटीला लावली आणि सहज नोंदवही उघडली. पाच जून, तार एक, उत्तम जानराव मेहरे, मुक्काम धनज. शेऱ्याच्या रकान्यात खेमाच्या वाकड्या अक्षरात होतं: सदर इसम मयत. तार परत.

मी ताबडतोब खेमाला बोलावलं. तो बिचारा मोठ्या अभिमानानं सांगू लागला, "मास्तर, तार होती म्हनून मी सोताच घरी गेलो. बुढीले इचारलं, उत्तम जानराव मेहरे कोठी हाय? ते म्हने, 'कोनं सांगतलं तुले हे नाव?' मी म्हनलं, कागदावर हाय. मंग म्हने, 'तो मेला बापा, लय वर्सं झाले,' आन् पदर तोंडाले लावला. मी काय करू? मेल्या मानसाची तार कोनाले देऊ?"

तिनं खरंच सांगितलं होतं. तिचा उत्तम मेलाच होता. आणि कोणी परक्यानं मेलेल्या लेकराची आठवण काढली हे तिनं घरी सांगितलं नाही, मनातल्या मनात गिळलं.

आठ तारखेला सकाळी मी उकंडाला गाठलं. त्याला वाटलं, मी तार घेऊन आलोय. मी सगळं सांगितलं. फक्त रजा न घेता मी गेलो होतो हे सांगताना आवाज जरा खाली घेतला. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यानं फक्त विचारलं, "आज किती तारीख?" आणि चपला घातल्या.

सर्व्हिस मोटारीनं आम्ही कारंज्याला तारघरात पोचलो. तिथले हिरालालबाबू चष्म्यावरून बघत म्हणाले, तार तर परत गेली, आणि जिथून आली तिथं मयत म्हणून खबरही गेली, परवाच. उकंडानं लगेच तार केली: मी जिवंत आहे, चुकीचा शेरा, तार पुन्हा पाठवा. आम्ही तारघराच्या ओट्यावर बसून राहिलो. कापसाचा हंगाम संपलेला, बाजार सुना, समोरच्या जैन मंदिरात ये-जा तेवढी चालू. उकंडा तारघरात कोणी गेलं की मान वळवायचा, बाहेर आलं की वळवायचा.

नऊ तारखेच्या दुपारी प्राध्यापकाचं उत्तर आलं. समितीनं तुमचीच निवड केली होती. पण कार्यालयात सरकारी तारखात्याकडून मृत्यूची खबर नोंदली गेली आहे. खाजगी तारेवरून ती पुसता येत नाही, कोणीही कोणाच्या नावानं तार करू शकतो. तारखात्यानं स्वतः ती खबर रद्द करावी, दहा तारखेच्या संध्याकाळपर्यंत. नाहीतर जागा दुसऱ्या नावाला जाईल.

उकंडानं पदवीचा कागद बाबूंपुढं ठेवला. बाबूंनी तो उलटसुलट पाहिला. "डॉक्टरसाब, या कागजानं तुमची डिग्री साबित होते. डिग्री घेतल्यावर माणूस मरत नाही काय?"

"मी तुमच्या समोर उभा हाय ना!"

"कोण उभा आहे? तुम्ही म्हणता उत्तम. डाकखान्याचा शेरा म्हणतो उत्तम मयत. मला शेरा रद्द करायला आधार पाहिजे. दोन रस्ते आहेत." त्यांनी बोट माझ्याकडे केलं. "एक तर मास्तरांनी लिहून द्यावं, की त्या दिवशी मी डाकखान्यात हजर नव्हतो, शेरा माझ्या मागे गलत पडला. सही करावी, शिक्का मारावा. नाहीतर जिनं मयत सांगितलं त्या बाईनं माझ्यासमोर येऊन सांगावं की हाच उत्तम आणि तो जिंदा आहे. अंगठा द्यावा. बस्स."

पाच मिनिटांचं काम होतं. टाक समोर, दौत समोर. बिनपरवानगी डाकखाना सोडला असं एकदा लिहून दिलं की डाकखाना गेला, शाळेतही चौकशी लागणार. मी दौतीकडे पाहिलं आणि म्हणालो, "शेरा बाईच्या तोंडचा आहे. बाईलाच आणतो."

उकंडानं माझ्याकडे पाहिलं. आजही ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गावी परतलो तेव्हा कस्तुराबाई वांग्याच्या वाफ्यात होती. वाफा भिजला की नाही ते ती बोट मातीत खुपसून पाहायची, तशीच बसली होती. उकंडानं जवळ बसून सगळं सांगितलं. बापानं शाळेत काय नाव दिलं तेही आज पहिल्यांदा सांगितलं. ती आधी समजलीच नाही. समजलं तेव्हा मातीतलं बोट तसंच राहिलं.

"तुह्यावर त्याचं नाव टाकलं?" ती म्हणाली. "मेल्याचं? इतले वर्सं?" मग आभाळाकडे तोंड करून वारलेल्या नवऱ्याला म्हणाली, "अरे याच्या बापा, काय करून ठेवलंस रे हे!"

"माय, कागदावरचं नाव हाय ते. त्यानं काय होते?"

"काय होते म्हन्ते! तुले मी कचऱ्यात लोळवलं, चांगलं नाव नाई ठेवलं, चांगलं आंगडं नाई घातलं, का कोनी पाहू नये. आन् तुमी तुले त्याच्या नावानं गावोगाव दाखवून आले?"

मी मध्ये पडलो. "कस्तुरामाय, उद्या चाल आन् एवढंच सांग, का हा उत्तम हाय, जिता हाय. पोराची जागा वाचते."

"उत्तम माह्या मांडीवर गेला चंपत. तुले काय ठाव? त्याचं आंग थंडं झालं तरी मी दोन घंटे सोडलं नोतं. आता मी म्हनू, हा तो हाय? मंग त्याले काय झालं ते याले नाई होनार कशावरून?"

मी तिला बरंच शहाणपण शिकवलं. हे सगळं मनाचे खेळ आहेत, डाक्टर पोराच्या आईनं असं बोलू नये, सरकारी काम आहे. माझ्या तोंडाला खीळ कशी बसली नाही कोण जाणे. ती येते म्हणाली, पण बोलेन असं म्हणाली नाही.

दहा तारखेला आम्ही तिला घेऊन तारघरात उभे राहिलो तेव्हा तिसरा प्रहर झाला होता, मोटार वाटेत दोनदा बंद पडली म्हणून. हिरालालबाबूंनी कागद तयार ठेवला होता. "नाव?"

"कस्तुराबाई."

"नवऱ्याचं नाव?"

ती गप्प. नवऱ्याचं नाव कशी घेणार? मी म्हणालो, "जानराव." बाबूंनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: उत्तम वल्द जानराव मेहरे हयात आहे व तो हाच असे मी सांगते. "बोला बाई. तुम्ही तुमच्या तोंडानं बोला, मग अंगठा."

ती उकंडाकडे बघत राहिली. ओठ हलले, पण आवाज नाही. मागं दोन व्यापारी तार करायला थांबले होते, ते चुळबुळ करू लागले. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले. सहाला बाबू उठणार होते. बाबू म्हणाले, "बाई, साधी गोष्ट आहे." टाक माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता आणि मी तिच्याकडे बघत उभा होतो.

उकंडानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे माय," तो म्हणाला. "चाल घरी. नाई पाह्यजे मले जागा." हे तो चिडून बोलला नाही. बावीस महिने ज्यानं एका शब्दासाठी वाट पाहिली तो माणूस हे अगदी साधेपणानं बोलला, आणि पदवीचा कागद घडी करून खिशात घालू लागला.

ते पाहून ती बोलली. "हा उत्तम," ती म्हणाली. एवढ्या मोठ्यानं म्हणाली की व्यापारी दचकले. "माहा उत्तम हाय हा. जिता हाय. लिहा." आणि अंगठा शाईत बुडवून तिनं कागदावर असा दाबला की बाबूंना तो सोडवावा लागला.

साडेपाचला तारखात्याची तार गेली. तिच्या पाठोपाठ उकंडाची, स्वीकाराची. बारा तारखेला पडवीत उत्तर आलं: आनंद झाला, जागा राखली, एक जुलैला या.

पेढे नव्हते, गुळाचे खडे वाटले. गाव आनंदात होतं. कस्तुराबाई कामात होती, पण पोराला हाक मारीनाशी झाली. उकंडा म्हणवत नव्हतं, उत्तम तर नाहीच. "ए, भाकर खाय," एवढंच.

सव्वीस जूनला तो निघणार होता. सकाळी ट्रंक गाडीत ठेवून दोघं मायलेकरं पडवीत आली. कस्तुराबाईनं पेटीवर हात ठेवला. "चंपत, तुह्या त्या वहीत उत्तमच्या नावापुढं मेला म्हनून लिहेल हाय ना?"

"होतं. आता रद्द झालं. खोडून टाकतो मी."

"नुसतं खोडू नको. खोडलं का मेल्याची जागा रिकामी झाली. रिकामी जागा कोनी ठेवत नाई. पह्यला नाई आला त खालचं दुसरं नाव घेते." तिनं उकंडाकडे पाहिलं. "यानंच सांगतलं मले, रोज सांगे. तठी दुसरं नाव घाल."

"कोनाचं?"

"माहं."

मी हसलो. उकंडा हसला नाही. तिला म्हणालो, सरकारी वही आहे, त्यात असं काही लिहिता येत नाही. ती म्हणाली, "सरकारी हाय म्हनूनच त सांगून राह्यली. तुह्या घरच्या वहीत लिहून काय उपयोग? मी याले त्याचं नाव देलं, तुमी देयाले लावलं. आता हे लिहेल पाहीन, मंगच याले गाडीत बसू देईन."

"माय, गाडी जाईन," उकंडा म्हणाला. पण तो ओट्यावर बसला. आईच्या शब्दाबाहेर तो जाणार नव्हता, एक जुलै असो नाहीतर काही असो.

मग मी एक लबाडी केली. टाक दौतीच्या काठाला टेकवला, आत बुडवलाच नाही, आणि तिच्या देखत उत्तमच्या नावाखाली कोरडाच फिरवला. तिला वाचता थोडंच येत होतं? "घे, लिहिलं."

ती पुढं झाली. वाफा पाहायची तसं तिनं बोट कागदावर टेकवलं आणि बोटाकडे पाहिलं.

"वलं नाई," ती म्हणाली.

माझं तोंड काळं ठिक्कर पडलं. उकंडा खाली मान घालून बसला होता, त्यानं कागद पाहिला होता, तरी बोलला नाही. तारघरात मी दौतीकडे पाहिलं तेव्हाही बोलला नव्हता. एकट्या आईला पाच तारखेपासून आतापर्यंत प्रत्येक गोष्ट स्वतःच्या अंगावर घ्यावी लागली होती, आणि मी तिला कोरडा टाक दाखवत होतो. मी टाक दौतीत बुडवला. उत्तमचं नाव खोडलं, खाली लिहिलं: कस्तुराबाई जानराव मेहरे, मयत. शाई सुकायच्या आत तिनं बोट टेकवलं, निळं झालेलं बोट पाहिलं, आणि पदराला पुसलं.

"जा उकंडा," ती म्हणाली. "आता जा. पोटभर खाजो."

तो गेला. दोन वर्षांची जागा त्यानं चार वर्षं चालवली, पुढं तिथंच कायम झाला. पण ते मागाहूनचं.

दिवाळीच्या सुमारास वरून तपासनीस आले, रतनसिंग नावाचे. मोठा काटेकोर माणूस. नोंदवही पानापानानं पाहत आले आणि पाच जूनवर थांबले. तारेच्या रकान्यात बाईचं नाव आणि पुढं मयत असं पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही कोण? कधी वारली?"

बाहेर रस्त्यानं कस्तुराबाई डोक्यावर मिरच्यांची पाटी घेऊन चालली होती. मी म्हणालो, "ती बघा, चालली."

मग सगळं सांगितलं. मी शिरपूरला गेलो होतो तेही सांगितलं, न विचारता. ते म्हणाले, "मास्तर, त्या चार दिवसांचं मी पाहून घेईन, दंडावर भागवू. पण ही नोंद खोडा, आत्ता, माझ्यासमोर."

"नोंद खोडता येणार नाही, साहेब."

"का?"

"खोडली की जागा रिकामी होते."

त्यांनी माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं. दोन आठवड्यांनी डाकखाना गावातल्या हेमसिंग नावाच्या दुकानदाराकडे गेला. शिक्का, पेटी, वही, सगळं मी स्वतः नेऊन दिलं. कस्तुराबाई पुढं अकरा वर्षं जगली, खणखणीत, आणि उकंडाची पत्रं आता हेमसिंगाकडून आणून माझ्याकडून वाचून घ्यायची. एकदा तिनं विचारलं, "काहून रे चंपत, तुह्याकडचा डाकखाना काहून गेला?"

मी म्हणालो, "मलेच कंटाया आला होता, कस्तुरामाय."

"हव," ती म्हणाली, "लहानपनापासून कामाले आयशीच तू," आणि पाटीतली चार वांगी माझ्या ओट्यावर ठेवून गेली.